धुऱ्यावरची कोरडी विहीर

बाबा, तुमच्या विहिरीशेजारी पाणी लागलं. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी, तुमच्या विहिरीच्या काठापासून एक बाज टाकावी एवढ्या अंतरावर बोअर मारला आणि पाणी लागलं. ही बातमी तुम्हाला सांगताना मला खरं तर नाचावंसं वाटायला हवं. पण मी ती कितीतरी दिवस गिळून बसले आहे, आणि आज लिहायला घेतलं तर पहिल्या ओळीनंतरच पेन अडलं. पाणी लागलं हे खरं आहे. ते कसं लागलं हे सांगायची लाज वाटते. तुम्ही समोर असता तर मी विषय बदलला असता, चहा ठेवते म्हणून आत गेले असते. कागदासमोरून असं उठून जाता येत नाही, म्हणून हा कागद.

मी पायाळू जन्मले ही गोष्ट तुम्ही घरात कुणाला उच्चारू द्यायचा नाहीत. पण सुईणीच्या तोंडाला कोण कुलूप लावणार? गावभर झालं होतं की या घरची पोरगी पायांकडून आली, हिच्या पायात गुण आहे. कुणाच्या पाठीत उसण भरली की मला बोलावणं यायचं, पोरीला म्हणावं, एक लाथ मारून जा. एकदा धुऱ्यापलीकडच्या, बांधाला बांध लागलेल्या शेतवाल्यांची म्हातारी स्वतःच आपल्या अंगणात आली, कमरेतून वाकलेली, एका हाताने पाठ धरून. तुम्ही शेतात होतात. आईने मला पुढे केलं. म्हातारी अंगणात पालथी पडली, मी तिच्या पाठीवर भीत भीत पाय टेकवला, तर ती खालूनच ओरडली, "अवं पोरी, जोरात मार ना! लाजतं कायले?" मग मी मारली. तिला बरं वाटलं म्हणे. जाताना तिने माझ्या तळहातावर गुळाचा खडा दिला, वरून सोडून, तिचं बोट माझ्या हाताला लागणार नाही असा. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही, गूळ मात्र गोड होता.

संध्याकाळी तुम्हाला कळलं. आई चुलीसमोर भाकरी थापते आहे, मी तिच्या पाठीशी लपते आहे, आणि तुम्ही दारात उभे, पायांना अजून शेतातली माती. तुम्ही मला मारलं नाही. मारलं असतं तर मी विसरले असते. तुम्ही म्हणालात, "त्याईच्या विहिरीवर तुया आजीची घागर चालत नव्हती. कोणी वरून ओतलं त भराची, नाई त उन्हात उभं राह्याचं. आन् आता तुया पाय चालते व्हय त्याईच्या पाठीवर?" मी रडत म्हटलं, पण त्यांची पाठ बरी झाली. तुम्ही ताट पुढे ओढून जेवायला बसलात. पुढच्या बाजाराला यवतमाळहून येताना तुम्ही माझ्यासाठी लोहचुंबक आणलं, घोड्याच्या नालासारखं, टोकांना लाल रंग दिलेलं. कागदावर खिळे ठेवून खालून चुंबक फिरवलं की खिळे चालायचे. मी टाळ्या पिटायला लागले तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. "हलते हे त सबनच पाह्यते. कायनं हलते ते पाह्याचं. पाह्यल्याशिवाय हात जोडाचे नाई." मी पुढे विज्ञानाची शिक्षिका झाले ती त्या चुंबकामुळे. अजूनही दरवर्षी वर्गात तेच खिळे चालवून दाखवते आणि तुमचंच वाक्य म्हणते, तुमचं आहे हे न सांगता.

तुम्ही विहीर खोदायला घेतलीत ती कापसाची वाईट वर्षं होती. त्या वर्षांवर आता शहरात भाषणं होतात. आपल्या घरात तेव्हा बोलणं एवढंच असायचं, की नेमकी बोंडं धरायच्या वेळी पाऊस पाठ फिरवतो, तेव्हा एक-दोन वेळा पाणी मिळालं तर पऱ्हाटी तरते, नाहीतर गेली. ज्याच्याकडे ओलित तो वाचला, ज्याचं कोरडवाहू तो आभाळाकडे बघत बसला. लहान शेतकऱ्यांना विहिरी द्यायची सरकारी योजना आली, तिच्यात तुमचं नाव निघालं. त्या म्हातारीचा मुलगा धुऱ्यावर येऊन उभा राहिला, चांगल्या मनानेच. म्हणाला, "भाऊ, पानाड्याले बलाव. हातावर नारळ ठेवून वावरभर फिरते. पाणी असन तिथं नारळ उभा राह्यते. आमची विहीर त्यानंच देल्ली." मग माझ्याकडे बघून हसला. "नाई त तुया घरीच पायाळू पोरगी हाय. तिच्याच हातावर ठेव ना." तुमचा चेहरा मला आठवतो. तुम्ही फक्त म्हणालात, "नारळाची चटणी होते. विहीर नाई होत."

जागा तुम्ही निवडलीत. बरोबर धुऱ्याला लागून, आपल्या बाजूला. मी विचारलं, एवढं वावर पडलं असताना काठावर कशाला? तुम्ही म्हणालात, इथं असली तर त्यांनाही पाणी भरता येईल. मला तुमचा केवढा अभिमान वाटला. पुढे आईने तो उतरवला. भाजी निवडता निवडता म्हणाली, "उदार नाई तुये बाबा, हट्टी हायेत. त्या लोकाईनं आपल्या विहिरीवर याव, न् आपण त्याईले नाई म्हणू नये, एवढंच सपन हाय." मला वाटतं, दोन्ही खरं होतं.

आधी मुरूम लागला, मग काळा पत्थर. यारी लावून माणसं दगड वर काढत, सुरुंगाचा आवाज गावापर्यंत येई. काम थांबलं की तुम्ही खाली उतरून भिंतीवर तळवा टेकवून उभे राहायचात. ओल आली का बघत. विहीर पूर्ण झाली, बांधून झाली, पण पावसाळ्यात जे वरून पडायचं तेवढंच तिच्यात साचायचं आणि दिवाळीच्या आत आटून जायचं. ऐन गरजेच्या वेळी बुडाशी बेडूकसुद्धा नसायचा. गावाने तिचं नाव कोरडी ठेवलं, आणि गाव एकदा नाव ठेवायला लागलं की माणसालाही सोडत नाही. मी तेव्हा यवतमाळला कॉलेजात होते. बाभुळगावकडे येणाऱ्या एसटीत एका बाईने ओळख काढली, तू कोणाची गं? शेजारचीच म्हणाली, कोरड्या विहिरीवाल्याची. मी म्हटलं, नाही, मी त्यांच्याकडे पाहुणी आले आहे. मग एक फाटा अलीकडेच उतरून रस्त्याने चालत घरी आले, आणि तुम्ही विचारलंत, गाडी बंद पडली का? मी हो म्हटलं.

त्याच वर्षी बोंडं गळायला लागली. पलीकडच्यांच्या विहिरीला पाणी होतं. म्हातारीचा मुलगा पाइप घेऊन धुऱ्यापर्यंत आला. "घे भाऊ एक पाणी. बोंडाईले काय समजते कोणाच्या विहिरीचं हाय ते." आणि तुम्ही नाही म्हणालात. "आधी आमच्या विहिरीले लागू दे. मंग देणं-घेणं पाहू." तो पाइप गुंडाळून गेला. आईने त्या दिवशी भाकरीचं ताट तुमच्यासमोर जवळजवळ आदळलं. "पाजा आता पऱ्हाटीले हट्ट." मी त्या सुट्टीत तुमच्याशी बोलले नाही. एक नारळ, बाबा, एका नारळाचा तर प्रश्न होता, असं मला वाटत होतं. एक नारळ फिरवू दिला असता तर तुमचं काय गेलं असतं? मला तुमची लाज वाटायची. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पुढे तुम्ही आजारी पडलात, आणि दवाखान्याच्या खाटेवरून भर उन्हाळ्यात मला विचारायचात, विहिरीत उतरून पाहिलं का कोणी? मी शेताकडे फिरकलेही नव्हते. मी सांगायची, पाहिलं बाबा, ओल आहे. तुम्ही डोळे मिटून मान हलवायचात.

आता इकडचं सांगते. आई पण गेली. मी यवतमाळलाच आहे, शाळा चालू आहे, रविवारी गावी येते. आपलं वावर त्या म्हातारीचा नातू बटईनं, पिकाच्या वाट्यावर करतो. तो माझ्याच वयाचा, मला ताई म्हणतो, मी त्याला भाऊ म्हणते. माणूस कष्टाळू आहे, आपल्या हिश्श्यात कधी मूठभर कमी दिलं नाही. पाऊस आता तुमच्या वेळेसारखा राहिलेला नाही. येतो तो एका दुपारी सगळा ओतून जातो, आणि मग इतके दिवस गायब होतो की उगवलेलं मान टाकतं. जो तो बोअर मारतो आहे. भाऊची ती जुनी, नारळाने दिलेली विहीर आजूबाजूच्या बोअरांनी कोरडी पाडली. तिच्या तळाशी आता नुसता चिखल असतो. म्हणून तोच म्हणाला, "ताई, दोघं मिळून एक बोअर मारू. कोणाच्याही वावरात लागो, पाणी दोघाईचं." मी म्हटलं, आधी भूजलवाल्यांना दाखवून घेऊ. तो म्हणाला, अर्ज देऊन ठेवला आहे, ते येईपर्यंत पऱ्हाटी राहते का? आणि पुढच्या रविवारी मी गेले तर धुऱ्यावर पानाड्या उभा.

म्हातारा माणूस, स्कूटरवर आलेला, पिशवीत तीन नारळ. मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. नाही फिरले. तो आधी भाऊच्या वावरात फिरला. पार पलीकडे, आंब्याजवळ, त्याच्या हातावर नारळ उभा राहिला. भाऊने तिथे दगड ठेवला. मग भाऊच त्याला म्हणाला, आमच्या ताई पायाळू आहेत. म्हाताऱ्याने मला नमस्कारच केला. "मंग मी कायले फिरू? बाई, तुमीच धरा. चपला काढा." बाबा, मी चपला काढल्या. चुंबक शिकवणारी तुमची मुलगी तापलेल्या ढेकळांतून अनवाणी चालली, तळहातावर आडवा नारळ घेऊन, पाठीमागे दोन पुरुष श्वास रोखून. आंब्यापाशी काही झालं नाही. मी आपल्या वावरात आले. तुमच्या विहिरीजवळ पोचले आणि नारळ उभा राहिला. भाऊ ओरडलाच. त्याने जाऊन आंब्याजवळचा दगड उचलून आणला आणि माझ्या पायापाशी ठेवला.

मशीन आली, आधी पांढरी भुकटी उडाली, मग बराच वेळ नुसतीच भुकटी उडत राहिली, आणि भाऊची बायको तोंडाला पदर लावून मटकन खाली बसली. त्या वेळात माझी जी अवस्था झाली ती मी लिहू शकत नाही. मग चिखल आला आणि चिखलामागून पाणी. लोक त्यात भिजले, नाचले. भाऊने पहिली ओंजळ भरली, मला वाटलं तो पितो आहे, पण तो तुमच्या विहिरीच्या काठावर गेला आणि ते पाणी खाली सोडलं. म्हणाला, "घ्या काका. जागा तुमचीच बरोबर होती." मी ढसाढसा रडले. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

आता भाऊची बायको रोज आपल्या बाजूला येऊन घागर भरते. मला "ताई, सरका जराशा" म्हणते, हसते, भरलेली घागर माझ्या हातून डोक्यावर घेते. तुमचं स्वप्न, बाबा, जसंच्या तसं. रविवारी मी तिथे उभी राहून ते बघते आणि मला मान वर करता येत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प राहिले असते. पण बाईंच्या हाताला गुण आहे ही बातमी पसरली. माणसं शाळेच्या गेटवर यायला लागली. मी कुणाला रागावून, कुणाला हसून परत पाठवलं. परवा एक जोडपं थेट स्वयंपाकघरापर्यंत आलं. कोवळ्या वयाची दोघं, दोन एकर कोरडवाहू, कोलामांच्या पोडाकडची, त्या आदिवासी वस्तीतली. नवरा दारातच उभा राहिला, बायकोने पिशवीतून नारळ काढून माझ्या ओट्यावर ठेवला. मी त्यांना सगळं समजावलं, खडक कसा असतो, पाणी फटींमधून कसं असतं, तपासणी कुठे करून मिळते, पावसाचं पाणी आधी जमिनीत कसं मुरवायला हवं. वर्गात समजावते तसं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते सारं खरं असन, ताई. पण तुमच्या हाताले लागलं ना? आमाले एकच बोअर जमते. कोरडा गेला त दुसरा नाई. तुमी हात लावा फकस्त." आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, रविवारी येते. ती माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतला नाही, कारण मला ते सुचलंच नाही.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी कागद घेतला. नारळ उभा राहिला नव्हता, बाबा. मी केला. तळहात जरासा खोल केला, अंगठा सरकवला, चुंबक कागदाखालून सरकवतात तसा. कुणाला दिसलं नाही. पाणी त्यांच्या वावरात, त्यांच्या आंब्याखाली लागावं, आणि आपण पुन्हा एकदा त्यांच्या विहिरीवर घागर घेऊन उभं राहावं, हे मला सहन झालं नाही. लागायचंच असेल तर तुमच्याजवळ लागू दे, आणि नाही लागलं तर नाही लागू दे, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. भाऊच्या बायकोचं, पऱ्हाटीचं, कुणाचंच काही नव्हतं. तुम्हाला मी आयुष्यभर हट्टी म्हटलं. तुमच्या हट्टात निदान तुमचीच बोंडं गळाली. मी तर दुसऱ्याचा संसार तुमच्या विहिरीच्या काठावर नेऊन ठेवला.

आणि त्यातून सिद्ध काय झालं? तुम्ही विचाराल म्हणून सांगते. काहीच नाही. एवढं खोल गेलं की बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी लागतं. एका बोअरवरून तुमची जागा बरोबर होती असं मी म्हणू शकत नाही, वर्गात मुलांना तसं म्हणू दिलं नसतं. या उन्हाळ्यात त्या बोअरचं पाणीही उतरलं आहे. मोटार थांबून थांबून चालते. भाऊ म्हणतो, काही नाही ताई, तुमच्या हाताचं पाणी आहे, परत येईल.

रविवारी मी त्या पोडाकडे जाणार आहे, आधी भाऊच्या घरी थांबून. त्याच्यासमोर, त्याच्या बायकोसमोर सांगणार आहे की दगड आंब्याखालून मी हलवला. मग तो जे म्हणेल ते ऐकेन. मग पोडावरच्या त्या दोघांनाही तेच सांगेन आणि तपासणीसाठी त्यांच्याबरोबर स्वतः ऑफिसात जाईन. त्यांना पटेल असं वाटत नाही. दुसरा कुणी नारळवाला गाठतीलही. हा कागद तुम्हाला पोचायचा नाही, आणि तुमच्या विहिरीत टाकला तर तिथे लोकांनी फेकलेल्या प्लास्टिक पाऊचच्या कचऱ्यात पडेल, म्हणून तो इथेच राहील.

त्यांचा नारळ मी आज सकाळी फोडला, तुमच्या शब्दाप्रमाणे त्याची चटणी केली. त्यांचा त्यांना नवा घेऊन देईन. फक्त एक राहिलं. फोडायच्या आधी, घरात कुणी नसताना, मी तो एकदा तळहातावर आडवा ठेवला आणि हात अगदी ताठ धरून ओट्याशी उभी राहिले, त्याला काही न करता. तो हलला नाही. आणि मला, बाबा, थोडं वाईट वाटलं.